कुंडलला आलेले मोड

दिवाळीच्या सुट्टीत शहाणी माणसे महाबळेश्वरला जातात आणि त्यांच्याहून शहाणी घरीच बसून फराळ करतात. आम्ही गेल्या दिवाळीत कुंडलला गेलो. कुंडल हे माझे गाव. सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, डोंगराच्या कुशीत वसलेले. ‘माझे गाव’ म्हणताना मी थोडा चाचरतो, कारण पुण्याला नोकरी लागल्यापासून मी तिथे पाहुणा म्हणूनच जात आलो, आणि मागच्या दहा वर्षांत तर पाहुण्याचे कर्तव्यही बजावले नव्हते. पण पावसाळा सरता सरता थोरल्या बंधूंचा फोन आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा अजूनही फोनवर तारेच्या हिशेबाने बोलतात. शब्दागणिक पैसे पडतात अशी त्यांची समजूत आहे.

“तुळया वाळवीनं खाल्ल्या. ह्यो पाऊस निघाला, फुडचा निघायचा न्हाई. दिवाळी झाली की वाडा उतरवायचा. समदी येऊन बघून जावा.”

वाडा हा शब्द ऐकून वाचकांनी शनिवारवाडा डोळ्यांपुढे आणू नये. दगडाचे जोते, दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओसरी, मागे परसू आणि परसात एक शेवगा. आमच्याकडे एवढ्यालाही वाडाच म्हणतात. तो उतरवण्याच्या संमतिपत्रावर मी पुण्यात बसून दोन मिनिटांत सही करून दिली होती. प्रत्यक्ष पाहायला जायचे म्हटल्यावर मात्र मन उगीच कचरू लागले.

बरोबर सौभाग्यवती होत्या आणि बारा वर्षांचा नातू होता. नातवाबरोबर त्याचा संगणक होता आणि संगणकात त्याचे जग होते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. ‘माइनक्राफ्ट’ नावाचा एक खेळ आहे. स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सोन या तरुणाने तो २००९ साली लोकांपुढे ठेवला, २०११ मध्ये तो पुरा झाला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलर मोजून घेतली. एवढे मोल ज्याला आले त्या खेळात पट नाही, डाव नाही, कोणी जिंकलाच पाहिजे अशी सक्ती नाही. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट रान तुमच्यापुढे टाकलेले असते. माती, दगड, झाडे, पाणी, सगळे ठोकळ्यांचे. एकेक ठोकळा एक मीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच. खणा आणि रचा. काय रचायचे ते सांगणारा कोणी नाही. वाळूच्या ढिगात बसलेल्या पोराला तरी ते कोण सांगते?

“आणि यात मॉड घालता येतात,” गाडीत नातू सांगू लागला.

सौभाग्यवती दशम्यांचा डबा सोडत होत्या. “मोड? मटकीला येतात ते?”

नातू खोखो हसला. पण मला विचाराल तर सौभाग्यवतींचाच अर्थ अधिक बरोबर होता. मूळ खेळ हा दाणा; जगभरच्या हौशी लोकांनी त्याला आणलेले हे कोंब. कोणी त्यात नकाशा आणला, कोणी यंत्रे आणली, कोणी नवी धान्ये आणली. असे मोड हजारोंनी आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. आपल्या भाषेत मात्र मोड या शब्दाला दुसराही अर्थ आहे. तो मोडतोडीतला. पुढच्या आठ दिवसांत दोन्ही अर्थ आमच्या प्रत्ययाला यायचे होते. कारण निघण्यापूर्वी चिरंजीवांनी मित्रांच्या शिफारशीवरून तब्बल ३६ मोड भरून घेतले होते.

कराड मागे पडले. शेणोली आली तशी मी त्याला खिडकीशी ओढले. ७ जून १९४३ रोजी इथेच कुंडलच्या मंडळींनी पगाराची रक्कम घेऊन जाणारी आगगाडी अडवून सरकारी पैसा ताब्यात घेतला. पुढारी होते कुंडलचेच जी. डी. बापू लाड आणि रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे ‘कॅप्टन भाऊ’. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची ही तुफान सेना. तो पैसा चळवळीच्या कामी आला.

“आगगाडी कशी अडवली?” नातवाचे डोळे चमकले. “माझ्याकडे दारूगोळ्याचा मॉड आहे!”

याचे उत्तर मला नीट ठाऊक नव्हते. “अण्णांना विचारू,” म्हणून मी वेळ मारून नेली.

कुंडलला जायचे म्हणजे उतरावे लागते किर्लोस्करवाडीला. या स्टेशनाचे मूळ नाव ‘कुंडल रोड’. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना इथला माळ दिला. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. माळावर होते काय? निवडुंग आणि साप. तिथे कारखाना उभा राहिला, घरे उभी राहिली, गावच वसले, आणि १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी किती मराठी घरांतल्या माजघराची खिडकी उघडली, हे तुमच्या आजीला विचारा. फलाटावर उभे राहून हे सगळे मी नातवाला ऐकवले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे त्यांनी नवीन वर्ल्ड उघडलं.”

उभ्या आयुष्यात किर्लोस्करवाडीचे इतके थोडक्यात वर्णन मी ऐकले नव्हते. आम्ही वडापात बसलो आणि उसाच्या मळ्यांमधून कुंडलला पोचलो.

वाडा जसा होता तसाच होता, फक्त लहान झाला होता. सगळ्यांचेच बालपणीचे घर असे लहान होते म्हणतात. माजघराच्या तुळईला दोन ठिकाणी टेकू दिले होते. अण्णांनी तुळईत नख खुपसले आणि ते तसूभर आत गेले. “बगितलंस?” एवढेच म्हणाले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. कोणी अधिक बोलले नाही.

बोलला तो नातूच. “आजोबा, पाडायच्या आधी मी हा वाडा गेममध्ये बांधून ठेवतो. मग कायमचा राहील.”

मी हो म्हटले. खरे सांगायचे तर मला त्यात सहीचे प्रायश्चित्तही दिसले. रात्री जेवणे उरकल्यावर अण्णा, वहिनी आणि अण्णांची अकरा वर्षांची नात त्या उजळ पडद्याभोवती कोंडाळे करून बसली. बघता बघता भिंती चढल्या, ओसरी आली, आणि छपरांच्या एका मोडातून काढलेली लालभडक कौलेही वर बसली. अण्णा उठून झोपायला जाताना म्हणाले, “आमच्या आज्याला दोन वर्सं लागली हुती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या शेवग्यासाठी झाडांचा एक मोड हवा, म्हणून चिरंजीवांनी आणखी चारपाच घातले. खेळ उघडेना. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन पाने मजकूर आला. घाबरून त्याने हाताला लागतील ते दहाबारा मोड काढून टाकले. खेळ उघडला. भिंती जागच्या जागी होत्या, ओसरी होती, वर मात्र निळे आकाश होते. छप्पर सगळेच्या सगळे नाहीसे झाले होते.

अण्णांनी चष्मा सावरून पाहिले. “आरं, आमच्या आदी तूच उतरवलास की वाडा!”

सगळे हसले, पण पोर रडायला लागले. मला हसू आले नाही. बिनछपराचे ते घर पडद्यावर पाहताना, आठ दिवसांनी इथे काय दिसणार आहे ते मला एकदम दिसले.

मी जन्मभर हिशेबतपासणीचे काम केलेला माणूस. चूक कुठे झाली ते सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. नातवाला शेजारी बसवून मी दुपारभर उलटतपासणी केली, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते नवशिक्यांच्या घरोघर उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

मोड दोन जातींचे असतात. एक दाखवणारे, दुसरे घालणारे. दाखवणारा मोड तुम्हाला नकाशा दाखवतो, कृती दाखवतो, चित्र स्वच्छ करतो. तुमच्या जगात तो स्वतःचे काहीच ठेवत नाही. तो काढला तर चष्मा काढल्यासारखे होते, घराचे काही बिघडत नाही. घालणारा मोड जगात नव्या वस्तू आणतो. जग साठवले जाते तेव्हा त्या वस्तूंची फक्त नावे वहीत लिहिली जातात. नावाचा अर्थ मोडाजवळ असतो. मोड गेला की नाव ओळखणारा कोणी उरत नाही, आणि खेळ त्या जागी हवा भरून मोकळा होतो. आमच्या कौलांचे नेमके हेच झाले होते. दोष मोडाचा नव्हता. ज्याच्यावर छप्पर टेकले होते तो खांब आम्ही स्वतःच्या हाताने काढला होता.

“म्हणजे घालणारे घालायचेच नाहीत?” नातू मुसमुसत म्हणाला.

“घालायचे, पण आधी दाखवणारे. आणि एका वेळी एकच.”

त्या संध्याकाळपासून ओसरीवर मोडांची पाहणी सुरू झाली. स्थळे पाहावीत तशीच. नातू एकेका मोडाची माहिती वाचून दाखवी आणि आम्ही वडीलधारी मंडळी सुपारी कातरत मत देत असू. पहिली गोष्ट पत्रिका. खेळाच्या आवृत्त्या अनेक आहेत. मोड ज्या आवृत्तीसाठी केला असेल तीच आपली असली पाहिजे. दुसरी गोष्ट कूळ. मोड खेळात बसवणारी जी यंत्रणा असते तिची फोर्ज, निओफोर्ज, फॅब्रिक अशी घराणी आहेत, आणि लग्नाच्या उलट इथे सगोत्रच लागते. फॅब्रिकचा मोड फोर्जच्या घरात नांदत नाही. चिरंजीवांनी दोन घराणी एकत्र कोंबली होती, म्हणूनच तो काळा पडदा. तिसरी गोष्ट करवली. काही मोड एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर दुसरा एक साहाय्यक मोड घ्यावाच लागतो, आणि माहितीत तसे स्पष्ट लिहिलेले असते. ते वाचायचा कंटाळा करू नये. चौथी गोष्ट माहेर. मॉड्रिंथ आणि कर्सफोर्ज ही मोड मिळण्याची नावाजलेली ठिकाणे. वाटेवरच्या अनोळखी दुकानातून घेऊ नयेत. २०२३ साली तर काही नावाजलेल्या मोडांतच कोणी तरी संगणकाला बाधणारा विषाणू घुसवला होता, तेव्हा नावाजलेल्या ठिकाणीही डोळे उघडे ठेवावेत. आणि सर्वांत आधी, नवा मोड घालण्यापूर्वी आपल्या जगाची एक नक्कल वेगळी काढून ठेवावी. हिशेबाच्या वहीची नक्कल ठेवतात तशी.

याउपर मी एक कलम माझ्या पदरचे घातले. प्रत्येक मोडाने एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे: कुंडलला याची गरज काय?

३६ उमेदवारांपैकी पहिल्या दिवशी तिघेच उत्तीर्ण झाले. ‘सोडियम’ हा पहिला. नातवाचा संगणक त्याच्या बापाने वापरून टाकलेला, आणि या मोडाने जुन्या संगणकावरही चित्र अडखळत नाही. दुसरा ‘जस्ट इनफ आयटम्स’. कोणती वस्तू कशापासून बनते ते हा शेजारच्या पट्टीत दाखवतो. स्वयंपाकघरात पाकक्रियेचे पुस्तक असावे तसा. तिसरा ‘जर्नीमॅप’, म्हणजे नकाशा. आपण चालू तसतसा तो उलगडतो आणि त्यावर आपल्याला हव्या त्या जागी नाव घालून खूण करता येते. तिन्ही दाखवणारे. तिन्ही काढले तरी वाडा शाबूत राहील.

दारूगोळ्याच्या मोडाची पाळी आली तेव्हा मला शेणोलीची आठवण झाली. अण्णांना विचारले. जी. डी. बापू २०११ साली गेले आणि कॅप्टन भाऊ २०२२ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर. अण्णांनी दोघांनाही गावात बोलताना ऐकले होते.

“दगडं रचली रुळावर,” अण्णा म्हणाले. “फुडं दगडं, मागनं दगडं. गाडी जातीया कुठं? हातात काठ्या, इळं. दोन-तीन गावठी बाँब असतील, बस्स.”

नातू गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “दगड तर गेममध्ये आधीपासूनच आहेत.” दारूगोळ्याचे स्थळ नापसंत झाले.

एकेका आज्ञेसरशी डोंगर उठवणारा ‘वर्ल्डएडिट’ही असाच परत पाठवला, तो गवंड्यांच्या मुकादमाला शोभेल, उमेदवाराला नव्हे. एका कळीसरशी आयते वाडे उभे करणारा एक मोड होता, त्यालाही नकार दिला. ‘फार्मर्स डिलाइट’ मात्र वहिनींना आवडला. चूल, भांडी, विळीऐवजी पाट-सुरी; शेतात कांदा, टोमॅटो, कोबी आणि भात. “शाळू न्हाई?” वहिनींनी विचारले. नव्हता. “भुईमूग?” तोही नव्हता. “मग कुणाचं शेत म्हनायचं हे?” तरी मन मोडू नये म्हणून त्यांनी तडजोड सुचवली: “घराच्या रानात नगं. बांधाच्या पल्याड एक वाफा करून बग.” म्हणजे प्रयोगासाठी एक वेगळे जग उघडून त्यात तो मोड लावून पाहायचा. नवशिक्याला याहून शहाणा सल्ला मी कुठे वाचलेला नाही. ऊस मात्र मूळ खेळातच आहे. पाण्याला लागून असेल तरच येतो आणि तीन ठोकळे वाढतो. अण्णांनी मनाशी हिशेब केला. “धा फूट. मोप झाला.”

आता काम सुरू झाले, आणि काम सुरू झाल्यावर ध्यानात आले की आम्हाला गावच माहीत नाही. नकाशावर नावे घालायची तर ती ठाऊक हवीत. अण्णांची नात पुढे आणि आम्ही आजोबा-नातू मागे, अशी रोज सकाळी फेरी निघू लागली. ती मुलगी म्हणजे चालताबोलता जर्नीमॅप. कोणत्या विहिरीला कोणाचे नाव, कोणत्या बांधावर कोणता आंबा, पाणी कोणत्या ओघळीने उतरते, सगळे तिच्या जिभेवर. नातू पावले मोजी आणि रात्री तेवढे ठोकळे मांडी.

एक दिवस डोंगर चढलो. कुंडल हे दिगंबर जैनांचे क्षेत्र. डोंगरावर झरी पार्श्वनाथाची गुहा आहे. आत पाणी झिरपत असते, तेच नावातले ‘झरी’. बाहेरच्या उन्हातून आत शिरले की आधी गारवा लागतो, मग अंधार, मग थेंबांचा आवाज. आम्ही तिघेही न बोलता उभे राहिलो. बाहेर आल्यावर नातू म्हणाला, “टपकणाऱ्या पाण्याचा दगड गेममध्ये आहे. मॉड नाही लागणार.” दुसऱ्या दिवशी कुस्तीचे मैदान पाहिले. गणपती उठल्यावर इथे फड भरतो आणि महाराष्ट्रातले नामांकित मल्ल येतात. डोंगराचा उतार हाच प्रेक्षागार. रिकाम्या मैदानात नातवाने टाळी वाजवून पाहिली. त्या रात्री त्याने उताराचा एकेक थर हाताने रचला; वर्ल्डएडिटची आठवणही काढली नाही. वरून खाली पाहिले तर कोणता थर कुठे मोडतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

मी त्याला सांगितले की २०१४ साली डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने आपला अख्खा देश या खेळात जसाच्या तसा उभा केला. सुरुंग चालू नयेत असा बंदोबस्तही केला. पण सुरुंग भरलेल्या गाड्या बंद करायच्या राहून गेल्या, आणि काही उपद्व्यापी लोकांनी त्यातून थोडा देश उडवून तिथे अमेरिकेचे झेंडे लावले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वसाहतखात्यानेही २०१२ पासून हाच खेळ हाती घेऊन वस्तीतल्या लोकांकडून त्यांच्या चौकांचे आणि मैदानांचे आराखडे करवून घेतले. हे ऐकून अण्णांची नात म्हणाली, “मग कुंडल कोन करनार?”

“आपणच,” नातू म्हणाला. ‘आपण’ हा शब्द त्याने कुंडलच्या बाबतीत प्रथमच वापरला. मीसुद्धा तो बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो.

वाडा सर्वांत शेवटी घेतला. या खेपेला नातवाने अंदाजाने भिंती घातल्या नाहीत. अण्णांकडून फीत मागून घेतली आणि दोघा पोरांनी बाहेरून आतून मोजणी केली. मीटरचा ठोकळा धरून हिशेब मांडला. तो जमेना. बाहेरून बारा ठोकळे. आत दोन दालने, चार-चारची, आठ झाले. आडव्या भिंती तीन, अकरा. पुन्हा मोजले. पुन्हा अकरा.

“आजोबा, एक ठोकळा कुठे गेला?”

हिशेबात एक कमी पडला की माझी झोप उडते. कंदिलाच्या जागी आता बॅटरी घेऊन आम्ही माजघराच्या भिंतीशी उभे राहिलो. अण्णांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवत नेली. ठक्, ठक्, ठक्. आणि देवळीच्या पलीकडे आवाज बदलला. तिथे भिंत पोकळ बोलत होती.

अण्णा खाली बसले. “बळद हाय,” म्हणाले. “आई म्हनायची, भितीत बळद हुतं, चळवळीच्या सालात लिंपून टाकलं. मी समजत हुतो ते पडक्या खणातलं. खण पडला, बळद गेलं, असं धरून चाललो.”

बळद म्हणजे भिंतीच्या पोटात धान्य साठवण्याची जागा; शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या आईने भूमिगतांना रात्री-बेरात्री भाकऱ्या करून घातल्याचे आम्ही ऐकले होते. औंध संस्थानातले गाव. इंग्रजांच्या पोलिसांना इथे घुसणे तितके सोपे नव्हते, म्हणून माणसांची ये-जा फार. पण बळद का लिंपले आणि लिंपताना आत काय होते, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही दोघा भावांनी कधी विचारले नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षे अण्णा त्या भिंतीला टेकून जेवले होते. आयता वाडा उभारणारा मोड आम्ही पसंत केला असता तर तीच भिंत आठ दिवसांनी खोऱ्याने भरून गेली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता.

“फोडून बघायचं?” नातवाने विचारले.

अण्णांनी मान हलवली. “सनासुदीला नगं. उतरवताना बगू.”

नातवाने खेळातल्या भिंतीत एक ठोकळ्याची पोकळी ठेवली आणि नकाशावर खूण केली: ‘बळद’. कौलांसाठी त्याने या खेपेला कोणताही मोड घेतला नाही. खेळातच भाजक्या विटांच्या पायऱ्या असतात. त्या उतरत्या लावल्या की लांबून कौलेच वाटतात. जे राहावे असे वाटते ते मूळच्या मातीत बांधावे आणि जे शोभेचे असेल त्यालाच परक्या वस्तू लावाव्यात, हे त्याने आपले आपणच ठरवले.

पोरे संगणकाला चिकटून राहिली असे मात्र समजू नका. अंगणात किल्लाही झाला. दगड, विटा, चिखल, पोत्याचे तुकडे; कुंभाराकडचे मावळे; आणि अण्णांच्या नातीने चिखलावर मोहरी पेरली. भाऊबिजेच्या सकाळी तटबंदीवर हिरवी लव उभी होती. सौभाग्यवती नातवाला हाक मारून म्हणाल्या, “हे बघ तुझे मोड. एकही परत पाठवावा लागला नाही.”

परतताना किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर गाडीला वेळ होता. नातवाने एक स्थळ राखून ठेवले होते ते आता काढले: ‘क्रिएट’ नावाचा मोड. दांडे, चाके, पट्टे, पाणचक्क्या. शिवाय कोणते यंत्र कसे चालते ते हलत्या चित्रांनी शिकवण्याची सोयही त्यातच आहे. “यात यांत्रिक नांगरसुद्धा आहे, आजोबा!” मी त्याला लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराची गोष्ट सांगितली. लोखंडाने जमिनीला विष बाधेल, असे शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर खपता खपत नसत. नवी वस्तू कितीही चांगली असली तरी तिच्यावर विश्वास बसायला हंगाम जावे लागतात.

“मग हा केव्हा घालू?”

“कारखाना बांधायला घेशील तेव्हा. त्या दिवशी त्याची गरज पडेल.” तो थोडा हिरमुसला, पण क्रिएट घालायचा तर प्रयोगाच्या जगात, आणि आधी नक्कल काढून, हे त्यानेच मला ऐकवले. जगाची एक नक्कल तो अण्णांच्या नातीकडे ठेवून आला होता. न जाणो, पुण्यातली हरवली तर.

मार्गशीर्षात अण्णांचा फोन आला. नेहमीप्रमाणे तारेचा हिशेब.

“उतरवला.”

मला काही बोलवेना. शेवटी विचारले, “बळद?”

“फोडलं. भुसा निघाला. दुसरं काय न्हाई.” मग अण्णा थांबले. पैसे पडत असूनही थांबले. “पर पोराला सांग. एक ठोकळा बराबर हुता.”